वयच तसं, की आणखी काही? लंडनच्या महाराष्ट्र मंडळास खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष, विश्वस्त आणि कार्यकारिणी सदस्य, महाराष्ट्र मंडळ, लंडन,
आणि ब्रिटनमधील सर्व मराठी मंडळांचे कार्यकर्ते



१९३५ साली इंग्लंडमधल्या लिंकन शहरात चॅड वाराह नावाच्या एका तरुण पाद्र्यावर चौदा वर्षांच्या मुलीच्या अंत्यविधीची जबाबदारी आली. मुलीने आत्महत्या केली होती. तिला पाळी सुरू झाली होती आणि आपल्याला गुप्तरोग जडला, असा तिचा समज झाला होता. ज्याला विचारावे असे तिच्याजवळ कोणी नव्हते. एखाद्या जाणत्या बाईने पाच मिनिटे दिली असती तर फिटला असता, एवढाच तो गैरसमज! वाराह यांच्या मनातून ती मुलगी गेली नाही. पुढे १९५३ मध्ये लंडनच्या सेंट स्टीफन वॉलब्रुक चर्चमध्ये त्यांनी एक टेलिफोन सुरू केला. जीव नकोसा झालेल्या कोणीही तिथे फोन करावा, एवढीच कल्पना होती. आजची ‘समॅरिटन्स’ ही संस्था त्यातूनच उभी राहिली.

लिंकनच्या त्या अंत्यविधीनंतर ऐंशीहून अधिक वर्षांनी, नोव्हेंबर २०१७ मध्ये, लंडनच्या हॅरो भागात राहणाऱ्या मॉली रसेलचा मृत्यू झाला. तीही चौदा वर्षांचीच होती. शेवटच्या वर्षभरात ती जरा अबोल झाली होती, खोलीत जास्त वेळ काढत होती. या वयात मुले अशी वागतातच, असे घरच्यांना वाटले, असे तिचे वडील इयन रसेल यांनी नंतर सांगितले. सप्टेंबर २०२२ मध्ये कॉरोनर, म्हणजे मृत्यूच्या कारणाची चौकशी करणारे अधिकारी, अँड्र्यू वॉकर यांनी निष्कर्ष दिला, की नैराश्याने आणि ऑनलाइन मजकुराच्या दुष्परिणामांनी ग्रासलेली असताना मॉलीने स्वतःला इजा केली व त्यात तिचा मृत्यू झाला. शेवटच्या सहा महिन्यांत तिने जतन केलेल्या, लाइक किंवा शेअर केलेल्या सुमारे १६,३०० पोस्टपैकी २,१०० पोस्ट नैराश्य, स्वतःला इजा करणे किंवा आत्महत्या यांच्याशी संबंधित होत्या. २०२३ चा ऑनलाइन सुरक्षा कायदा ज्या जनमताच्या रेट्याने झाला, त्यात या कुटुंबाचा वाटा मोठा आहे.

रसेल कुटुंबाला दोष देण्यासाठी हा उल्लेख केलेला नाही. मुलांवर जीव असलेल्या, डोळे उघडे असलेल्या घरालाही जे ओळखणे कठीण गेले, ते कोणत्याही घराला कठीणच जाणार. हॅरोपासून मंडळाची डॉलिस हिलमधली वास्तू काही मैलांवर आहे आणि त्या पट्ट्यात मराठी घरे थोडीथोडकी नाहीत. मुलगी जेवायला खाली येत नाही, मुलगा विचारले की ‘फाइन’ एवढेच म्हणून दार लावून घेतो, क्रिकेटला जाणे अचानक बंद होते. हे वयच तसे आहे, की आणखी काही? हा प्रश्न सरकार किंवा डॉक्टर यांच्यापर्यंत पोहोचण्याच्या कितीतरी आधी घरात पडतो आणि मग ओळखीच्या चार माणसांत बोलला जातो, किंवा बोलला जात नाही. परमुलुखात ही ओळखीची चार माणसे १९३२ पासून मंडळाने जमवली आहेत. म्हणून हे पत्र आरोग्यमंत्र्यांना न लिहिता आपल्याला लिहिले आहे.

आधी दिलासा देणारी बाजू. किशोरवयातले बहुतेक चढउतार हे आजार नसतात आणि याला भक्कम आधार आहे. नेदरलँड्समध्ये ४७४ मुलामुलींनी तेराव्या वर्षापासून अठराव्यापर्यंत, दरवर्षी ठरावीक आठवडे, रोजच्या मनःस्थितीची डायरी भरली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दिसले, की आनंद, राग आणि दुःख यांचे दिवसागणिक होणारे हेलकावे सुरुवातीला मोठे असतात आणि वर्षे सरतात तसे कमी होत जातात. काळजीचे मात्र वेगळे: ती वाढते, मग थोडी ओसरते आणि शाळा संपण्याच्या सुमारास पुन्हा डोके वर काढते. म्हणजे तेराव्या वर्षी सकाळी हसणारी आणि संध्याकाळी दार आपटणारी मुलगी बिघडलेली नसते. तिचे हेलकावे ओसरायचे असतात, एवढेच.

मित्रांनी वगळले की मुले इतकी का कोसळतात, याचेही उत्तर लंडनमध्येच शोधले गेले. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये सारा-जेन ब्लेकमोर आणि सहकाऱ्यांनी संगणकावर चेंडू टाकण्याचा एक साधा खेळ वापरला. खेळता खेळता इतर खेळाडू आपल्याकडे चेंडू टाकणे बंद करतात, असा त्याचा डाव. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात असे वगळले जाण्याने किशोरवयीन मुलींची मनःस्थिती प्रौढ स्त्रियांपेक्षा जास्त ढासळली. वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून नाव काढले गेले म्हणून रात्रभर रडणाऱ्या मुलीला ‘एवढ्याशा गोष्टीसाठी?’ असे विचारण्याआधी प्रत्येक आईबाबांनी हा प्रयोग आठवावा. तिच्या वयाला ती गोष्ट एवढीशी नसते.

आणखी एक निष्कर्ष घरांना फार उपयोगी आहे. अमेरिकेत एरिक नूक यांनी २०१८ मध्ये दाखवले, की आपल्याला नेमके काय वाटते आहे हे वेगवेगळे ओळखण्याची क्षमता किशोरवयात खाली घसरते आणि मोठेपणी पुन्हा वर येते. लहान मूल एका वेळी एकच भावना सांगते. पंधराव्या वर्षी राग, लाज, भीती, मत्सर एकदमच दाटून येतात आणि कोणती कुठे संपते ते कळत नाही. ‘काय झालं?’ या प्रश्नाला ‘काही नाही’ हे उत्तर पुष्कळदा खोटे नसते. मुलाला खरोखरच सांगता येत नसते. अशा वेळी उलटतपासणी घेणाऱ्यापेक्षा शेजारी बसून राहणारा मोठा माणूस जास्त कामाचा असतो.

मग आजार कुठे सुरू होतो? भावना किती तीव्र आहे यापेक्षा ती हलते की नाही, हे पाहणे महत्त्वाचे. बेल्जियमचे पीटर कुपेन्स आणि त्यांचे सहकारी यांनी किशोरवयीन मुलांना आईवडिलांशी बोलताना टिपले आणि क्षणाक्षणाला त्यांच्या भावना कशा बदलतात ते नोंदवले. ज्या मुलांची भावना एका जागी रुतून बसत होती, म्हणजे राग आला की रागच, खिन्नता आली की खिन्नताच, त्यांना पुढच्या अडीच वर्षांत नैराश्याचा आजार होण्याची शक्यता जास्त दिसली. २०१२ च्या या अभ्यासातून घरी नेण्यासारखे पुष्कळ आहे. दार आपटून अर्ध्या तासाने फ्रिज उघडायला येणाऱ्या मुलापेक्षा, ज्याचा आवाजच येईनासा झाला आहे त्या मुलाची काळजी जास्त करायला हवी. आपल्या घरांत नेमके उलटे होते. भांडणारा मुलगा ‘प्रॉब्लेम’ ठरतो आणि गप्प बसलेली मुलगी ‘शहाणी’.

ताप किती चढला याबरोबर तो किती दिवस राहिला हे आपण डॉक्टरांना सांगतोच. मनाबाबतही तेच करावे. उदासपणा किंवा कशातच रस न वाटणे बहुतेक दिवस, दिवसाचा बराच वेळ, सलग दोन आठवडे टिकले, तर नैराश्याचा विचार करावा असे वैद्यकीय निकष सांगतात. मुलांमध्ये हे दुःख पुष्कळदा दुःखासारखे दिसतच नाही. ते चिडचिडीच्या रूपाने येते, विशेषतः मुलग्यांमध्ये. कधी रोज सकाळी शाळेच्या वेळी दुखणाऱ्या पोटाच्या रूपाने, कधी पहाटे तीनला जागे असण्याच्या रूपाने. घर, शाळा आणि मित्र या तिन्ही ठिकाणी मूल आक्रसत चालले असेल, तर ‘वय’ हे स्पष्टीकरण पुरे पडत नाही. स्वतःला इजा करणे किंवा ‘मी नसते तर बरं’ अशी भाषा एकदाच कानावर आली तरी दोन आठवडे थांबायचे नसते. त्याच दिवशी बोलायचे आणि मदत घ्यायची.

इथपर्यंत वाचून कोणाला वाटेल, की मग सगळ्याच मुलांना मानसिक आरोग्याचे धडे सरसकट द्यावेत. ब्रिटनने नेमके तेच करून पाहिले. ऑक्सफर्डच्या पुढाकाराने झालेल्या ‘मिरियड’ या प्रकल्पात ८५ शाळांमधल्या ११ ते १३ वयाच्या ८,३७६ मुलांचा अभ्यास झाला. चिठ्ठी टाकावी तशा पद्धतीने शाळा निवडून निम्म्या शाळांत माइंडफुलनेसचे, म्हणजे वर्तमानात सजग राहण्याचे, प्रशिक्षित शिक्षकांकडून दहा तास घेतले गेले; उरलेल्या शाळांत नेहमीचेच शिक्षण सुरू राहिले. जुलै २०२२ मध्ये निष्कर्ष आले, तेव्हा दोन्ही गटांत मुलांच्या मानसिक आरोग्यात फरक नव्हता. बहुतेक मुलांनी घरी सराव केलाच नाही. आणि ज्यांना आधीच त्रास होता, अशा मुलांना या तासांमुळे उलट थोडा अपाय होऊ शकतो, अशी चिन्हे संशोधकांना दिसली. एवढी मोठी, महागडी आणि सद्हेतूने केलेली योजना उपयोगाची ठरली नाही हे तिच्या कर्त्यांनीच जाहीर केले, याबद्दल त्यांचे कौतुकच करायला हवे.

असे का व्हावे, याचा एक धागा ऑक्सफर्डच्याच ल्युसी फोल्क्स यांनी पुढे आणला आहे. जॅक अँड्र्यूज यांच्याबरोबर २०२३ मध्ये मांडलेल्या त्यांच्या विचाराचा सारांश असा: मानसिक आजाराबद्दलची जागृती वाढल्यावर लपलेले खरे रुग्ण पुढे येतात, हा फायदाच, पण त्याचबरोबर काही मुले साध्या, सोसण्याजोग्या अस्वस्थतेलाही आजाराचे नाव देऊ लागतात, ती गोष्ट टाळू लागतात आणि टाळल्यामुळे अस्वस्थता खरोखर वाढते. वर्गापुढे बोलताना छातीत धडधडणे याला मुलगी ‘माझी अँग्झायटी’ म्हणू लागली आणि शाळेने तिला बोलण्यातून कायमची सूट दिली, तर तिचे भले होत नाही. ही अजून मांडणीच आहे, सिद्ध झालेला नियम नव्हे. तरी तिचा आधार घेऊन ‘बघा, हे सगळे आजकालचे फॅड आहे’ असे म्हणणाऱ्यांनी सावध राहावे. फोल्क्स यांनी तसे कुठेही म्हटलेले नाही.

कारण आकडे गंभीर आहेत. इंग्लंडमधल्या पाच ते पंधरा वयाच्या मुलांत निदान करता येईल असा मानसिक विकार असण्याचे प्रमाण १९९९ मध्ये ९.७ टक्के होते, २००४ मध्ये १०.१ आणि २०१७ मध्ये ११.२. कोविडनंतर प्रश्नावलीच्या वेगळ्या पद्धतीने घेतलेल्या २०२३ च्या पाहणीत ८ ते १६ वयाच्या २०.३ टक्के मुलांत असा विकार संभवतो असे आढळले. पद्धत बदलल्याने हा आकडा आधीच्या आकड्यांखाली थेट मांडता येत नाही. पण पाच मुलांत एक, हे प्रमाण वर्गात उभे राहून पाहावे म्हणजे ते काय आहे ते कळेल.

यातला एक आकडा आपल्या घरांसाठी विशेष आहे. २०१७ च्या पाहणीत श्वेतवर्णीय ब्रिटिश मुलांमध्ये विकारांचे प्रमाण १४.९ टक्के होते आणि आशियाई मुलांमध्ये ५.२ टक्के. हा आकडा वाचून सुखावणे सोपे आहे. एकत्र जेवण, सुट्टीत येणारे आजी-आजोबा, सणवार, मंडळातली दोस्ती यांचे बळ मुलांना मिळते, यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. परंतु ही पाहणी आईवडील, शिक्षक आणि मुले यांना विचारून केली जाते. घरात ज्याचा उच्चार होत नाही, ते पाहणीच्या कागदावर कुठून येणार? ‘लोक काय म्हणतील’ हे वाक्य विमानात बसून आपल्याबरोबर हीथ्रोला उतरले आहे, आणि इथे लोक थोडे असल्यामुळे त्याला धार अधिक आली आहे. पुण्यात निदान दुसऱ्या पेठेतल्या डॉक्टरकडे जाता येते. इथल्या मराठी वर्तुळात सगळ्यांची सगळ्यांशी ओळख.

त्यात दडपणाचे आपले खास प्रकार आहेत. इंग्लंडमध्ये १६३ सरकारी ग्रामर स्कूल आहेत आणि त्यांच्या ‘इलेव्हन प्लस’ परीक्षेची तयारी कित्येक घरांत मूल आठ-नऊ वर्षांचे असतानाच सुरू होते. परीक्षा देताना ते साधारण दहा वर्षांचे असते. निकालाने दोन मैत्रिणींच्या वाटा वेगळ्या होतात आणि त्यांच्या आयांच्या गप्पाही. पुढे जीसीएसई, मग ए-लेव्हल, मग मेडिसिन. शनिवारी शिकवणी, रविवारी मराठी शाळा. यातली कोणतीही गोष्ट वाईट नाही, आणि आईबाबा हे सारे प्रेमापोटीच करतात. पण पंधरा वर्षांच्या मुलाला आठवड्यात एकही रिकामी दुपार नसेल, तर मनात साचलेले बाहेर यायला जागा उरत नाही.

व्यवस्थेचा भरवसा किती धरावा? सप्टेंबर २०२४ मध्ये लॉर्ड दार्झी यांनी एनएचएसवर, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेवर, जो अहवाल दिला, त्यानुसार त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये मानसिक आरोग्य सेवेच्या पहिल्या भेटीसाठी वर्षाहून जास्त काळ थांबलेल्यांत अठरा वर्षांखालील मुलांची १,०९,००० प्रकरणे होती. शाळांमध्ये मानसिक आरोग्य साहाय्य पथके नेमण्याची योजना डिसेंबर २०१७ च्या सरकारी मसुद्यातून आली. इंग्लंडमधल्या सर्व शाळांपर्यंत ती पोहोचवण्याचे उद्दिष्ट आता २०२९-३० चे आहे. आज चौदा वर्षांचा असलेला मुलगा तोवर शाळेतून बाहेर पडलेला असेल. म्हणूनच जीपीकडे, म्हणजे आपल्या फॅमिली डॉक्टरकडे, लवकर जाणे महत्त्वाचे. रांग लांब आहे, याचा अर्थ उशिरा उभे राहावे असा होत नाही.

जीपीकडे गेल्यावर डॉक्टर ‘मला हिच्याशी थोडं एकटीशी बोलू द्या’ म्हणतात, तेव्हा अनेक मराठी आईबाबांना धक्का बसतो, अपमानही वाटतो. त्यामागे १९८५ चा हाउस ऑफ लॉर्ड्सचा ‘गिलिक’ खटल्यातला निकाल आहे. समज पुरेशी असलेल्या सोळा वर्षांखालील मुलाला आपल्या उपचाराला स्वतः संमती देता येते, आणि गंभीर धोका नसेल तर डॉक्टर त्याचे बोलणे गुप्त ठेवतात. हा निकाल आईवडिलांच्या विरोधातला नाही. बोललेले आपल्यापाशीच राहील, या खात्रीमुळेच कित्येक मुले पहिल्यांदा तोंड उघडतात.

आता मंडळांकडे मागणे. ते पैशाचे नाही आणि नवी समिती नेमण्याचेही नाही.

चॅड वाराह यांच्या चर्चमध्ये सुरुवातीला लोक त्यांना भेटायला येत, तेव्हा बाहेर थांबलेल्यांना चहा देऊन त्यांच्याशी बोलायला काही स्वयंसेवक बसत. वाराह यांच्या लक्षात आले, की यातले पुष्कळ लोक स्वयंसेवकांशी बोलूनच हलके होतात आणि आपल्याला न भेटताच निघून जातात. फेब्रुवारी १९५४ मध्ये त्यांनी फोनचे काम स्वयंसेवकांच्या हाती सोपवले. ऐकून घेण्याला पदवी लागत नाही. थोडे प्रशिक्षण आणि गुप्तता पाळण्याचा निश्चय लागतो. मंडळांकडे निवृत्त शिक्षिका आहेत, डॉक्टर आहेत, जिला मुले हक्काने ‘मावशी’ म्हणतात अशी एखादी तरी बाई प्रत्येक शहरात आहे. त्यांपैकी काहींनी किशोरवयीन मुलांसाठीचे प्राथमिक मानसिक साहाय्य शिकून घ्यावे आणि मुलांना त्यांची नावे ठाऊक असावीत. या मंडळींचे काम उपचार करण्याचे नाही. ऐकायचे, आणि गरज दिसली तर जीपीपर्यंत सोबत करायची.

मराठीत या विषयावर बोलायला भाषा नाही, हा समज सोडून द्यावा. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेली ‘आयपीएच’ ही संस्था भावनांवर, पालकत्वावर, आजारांवर घरगुती मराठीत बोलत आली आहे आणि तिचे व्हिडिओ इंग्लंडमध्ये बसूनही पाहता येतात. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘कासव’ या चित्रपटाला २०१६ सालच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय सुवर्णकमळ मिळाले. नैराश्याने खचलेल्या तरुणाला एक बाई घाई न करता, प्रश्न न विचारता कशी सांभाळते, ते त्यात आहे. दिवाळीच्या कार्यक्रमात एका संध्याकाळी तो दाखवावा आणि नंतर ओळखीच्या एखाद्या मराठी मानसोपचारतज्ज्ञाला बोलते करावे. नाट्यसंगीताला जमणारी गर्दी त्यालाही जमेल.

जिथे जीसीएसईच्या निकालानंतर गुणवंतांचे सत्कार होतात, तिथे एक विनंती: ज्यांचे निकाल मनासारखे लागले नाहीत, त्या मुलांच्या घरी त्या आठवड्यात कोणीतरी सहज म्हणून जावे. सांत्वन करायला नव्हे, चहा प्यायला. आणि ऑगस्टच्या त्या गुरुवारी मंडळाच्या ग्रुपवर गुणपत्रिकांचे फोटो टाकू नयेत. ज्याला आनंद सांगायचा आहे त्याने फोन करून सांगावा.

शेवटी एक काम, याच गणेशोत्सवात होण्यासारखे. कार्यक्रमपत्रिकेच्या मागच्या पानावर, जाहिरातींच्याही वर, ठळक अक्षरांत एवढे छापावे: मुलांसाठी चाइल्डलाइन ०८०० ११११, कोणत्याही वयाच्या माणसासाठी, दिवसरात्र, समॅरिटन्स ११६ १२३, बोलता येत नसेल तर ‘शाउट’ (SHOUT) हा शब्द ८५२५८ या क्रमांकावर मेसेज करावा, इंग्लंडमध्ये मनाच्या तातडीच्या त्रासासाठी १११ फिरवून दुसरा पर्याय निवडावा, जिवाला धोका असेल तर ९९९. यातल्या पहिल्या तीन मदतवाहिन्या मोफत आहेत, मदत मागणाऱ्याला नाव सांगावे लागत नाही, आणि मुलांना त्यासाठी आईबाबांची परवानगी लागत नाही.

आपला,
एक मराठी लेखक